तालुक्याच्या पोलिसानं व्हिसा तपासावा का?

मांजराकाठ (धागा सुरू करणारा)

राम राम मंडळी. विषय घरातला आहे म्हणून जरा पाल्हाळ लावतोय, सांभाळून घ्या.

माझा भाचा टेक्सासात असतो, डॅलसच्या बाजूला. औशाचं पोरगं. लातूर, पुणे करत तिकडं गेलं त्याला नववं वर्ष. एच-वन-बी व्हिसा, कागदं चोख. मागच्या महिन्यात रात्री किराणा घेऊन येताना गाडीचा मागचा दिवा गेलेला होता, म्हणून पोलिसानं थांबवलं. लायसन बघितलं, विमा बघितला, इथवर ठीक. मग विचारलं, जन्म कुठला, इथं कशावर राहतोस, कागद दाखव. आता कागद घरी कपाटात. वीस-पंचवीस मिनिटं कडेला उभा केला, वायरलेसवर काहीतरी विचारपूस केली आणि शेवटी दिवा बसवून घे म्हणून सोडलं. शिवी नाही, हात उगारला नाही, उलट 'सर सर' करत होता म्हणे. तरी पोरगं हादरलंय. आता कोथिंबीर आणायला निघालं तरी पासपोर्ट खिशात.

आक्काला, म्हणजे त्याच्या आईला, हे फोनवर कळलं. तेव्हापासून ती मला एकच विचारायलीय: "व्हिसा देणारं हापिस येगळं, इमानतळावर शिक्का मारणारा येगळा. मग दिवा बघणाऱ्या पोलिसाला शिक्क्याचं काय पडलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. तिकडं हे कसं चालतं आणि आपल्याकडं कसं चालतं, जाणकारांनी लिहावं. राजकारण नको. (नको म्हटलं की येतंच, पण सांगून ठेवलेलं बरं.)

पूर्णाकाठचा (मूळ परभणी, मुक्काम ह्यूस्टन)

तुमच्या आक्कांचा प्रश्न इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय.

इमिग्रेशन हे इथं केंद्राचं काम. पोलीस मात्र केंद्राचे नाहीत. शहराचे वेगळे, राज्याचे वेगळे, आणि कौंटीचा शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, तर चक्क मतं मागून निवडून येतो, आपल्या झेडपी मेंबरसारखा. १९९६ च्या कायद्यात एक कलम घातलं, २८७-जी. केंद्राच्या 'आइस' या खात्यानं स्थानिक पोलिसांशी लेखी करार करायचा, त्यांची काही माणसं शिकवून तयार करायची, मग त्या माणसांनी आइसच्या देखरेखीखाली इमिग्रेशनचं काम करायचं. यात तुरुंगापुरता करार असतो: अटक होऊन आत आलेल्याचीच चौकशी. दुसरा प्रकार रस्त्यावर विचारायची मुभा देणारा. तो २०१२ मध्ये बंद केला होता, २०२५ मध्ये पुन्हा उघडला. त्या वर्षाच्या सुरुवातीला देशभरात असे करार दीडशेच्या आत होते, वर्ष सरता सरता हजाराच्या वर गेले. टेक्सासनं त्याच वर्षी कायदा करून तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना करार सक्तीचाच केला, अंमल १ जानेवारी २०२६ पासून. कॅलिफोर्निया नेमकी उलटी. तिनं २०१७ मध्येच आपल्या पोलिसांना या कामातून बरंचसं बाहेर काढलं.

म्हणजे भाचा कुठल्या रस्त्यावर होता, यावर सगळं अवलंबून. बाकी करार नसला तरी तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे केंद्राकडं जातातच, ती यंत्रणा २००८ पासून आहे.

एक सांगतो, २०१५ च्या निकालानुसार ठोस संशय असल्याशिवाय दिव्याच्या कारणानं थांबवलेल्या माणसाला दिव्याला लागेल त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवता येत नाही. पण रात्री दहा वाजता हायवेच्या कडेला हे पोलिसाला कोण ऐकवणार? मी तर नाही ऐकवणार.

सडेतोड

कागदं चोख होती, सोडलं. मग तक्रार कसली? वीस मिनिटांचीच ना? आपल्याकडं आरटीओत यापेक्षा जास्त वेळ जातो.

आणि केंद्राचं काम केंद्रानंच करायचं म्हणता, तर आमच्या जालन्यात केंद्राचं आहे कोण? पोस्ट, रेल्वे आणि जीएसटीवाले. सीमा बंगालात. तिथून आत शिरलेला माणूस जालन्यात खोली भाड्यानं घेऊन राहिला, तर त्याला दिल्लीतून दुर्बिणीनं बघायचं का? गल्लीत नवीन कोण आलं हे बीट अंमलदारालाच कळतं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेनं १०४ जणांना लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. त्यांनी बेड्या घातल्या, ते वाईट दिसलं, मान्य. पण स्वतःचं घर राखायचा त्यांना हक्क आहे आणि आपल्यालाही.

निवृत्त_फौजदार

सडेतोड, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी माझी दोन वर्षं ऐका.

संभाजीनगरला विशेष शाखेत परदेशी नागरिकांचं टेबल माझ्याकडं होतं. लोकांना माहीत नसतं, पण आपल्याकडं हे काम आधीपासून पोलिसांकडंच आहे. मुंबईसारख्या ठिकाणी केंद्राचं वेगळं ऑफिस, पण बाकी जिल्ह्यात एसपी आणि आयुक्तालयात आयुक्त हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी. सहा महिन्यांहून लांब व्हिसावर आलेल्यानं चौदा दिवसांत नोंदणी करायची. हॉटेलात, घरात, कुठंही परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, त्याला तेव्हा सी फॉर्म म्हणायचे. वेरूळच्या एका घरगुती निवासवाल्याला हे समजावता समजावता माझ्या घशाला कोरड पडली होती. तो म्हणायचा, "साहेब, पाव्हण्याची खबर ठाण्यात द्यायची म्हणजे मी खबऱ्या झालो की ओ."

विद्यापीठात येमेनची मुलं पुष्कळ. नावं एवढी लांब की रजिस्टरचा रकाना पुरायचा नाही. २०१५ नंतर त्यांच्याकडं युद्ध पेटलं, घरून पैसे येईनात, पासपोर्ट वाढवून मिळेना, आणि पासपोर्ट नाही तर व्हिसा वाढत नाही. चांगली मुलं कागदावर मुदतबाह्य झाली.

त्यातल्या एकाला टीव्ही सेंटरच्या बाजूला रात्री दोघांनी अडवलं. लॅपटॉप गेला, पैसे गेले, मनगटावर चाकू लागला. फिर्याद द्यायला आला नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या मुलाच्या तोंडून मला कळलं. बोलावून विचारलं तर म्हणाला, "सर, चोरी लिहून घेणारे आणि मला देशाबाहेर काढणारे एकाच जिन्यानं वर जातात." त्याच जोडगोळीनं पुढं आणखी एकाला लुटलं, त्याच्या पोटात वार. सडेतोड, तो मुलगा येमेनचा नव्हता. गंगापूरचा होता.

माझ्या बत्तीस वर्षांत मला गुन्हे उघडून दिले ते भ्यालेल्या माणसांनीच. पानटपरीवाला, रात्रपाळीचा वॉचमन, लॉजवरची बाई. यातला कुणी पोलिसाकडं यायचा बंद झाला की त्याचं नुकसान त्याच्यापुरतं राहत नाही.

पूर्णाकाठचा

फौजदार साहेब, येमेनच्या मुलाचं ते वाक्य इथले कितीतरी पोलीसप्रमुख स्वतःच बोलतात. आणि गंमत बघा, अमेरिकेच्या संसदेनंही हे ओळखलंय. २००० साली त्यांनी 'यू व्हिसा' काढला. गुन्ह्याचा बळी ठरलेला माणूस बेकायदा राहत असला तरी पोलिसांना तपासात मदत करत असेल तर त्याला राहायची परवानगी, वर्षाला दहा हजारांपर्यंत. एका हातानं भीती घालायची, दुसऱ्या हातानं तीच भीती घालवायला व्हिसा द्यायचा.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मावरून गाडी सोडू नका.

काळा_कोट_धाराशिव

कायद्याची बाजू सांगतो, फी नाही.

आपल्या घटनेत परदेशी नागरिक, नागरिकत्व, देशात येणं आणि बाहेर काढणं हे केंद्रसूचीत आहे, १७ आणि १९ क्रमांकाला. पोलीस राज्यसूचीत, क्रमांक २. म्हणजे आक्का म्हणतात ती भिंत आपल्याकडंही आहे. पण तिला दार ठेवलंय: कलम २५८. केंद्र आपलं काम राज्याकडं सोपवू शकतं. परदेशी माणूस शोधणं, ताब्यात घेणं, परत पाठवणं हे अधिकार १९५८ मध्येच राज्यांकडं दिलेत. अमेरिकेत केंद्र स्थानिक पोलिसांवर असली सक्ती करू शकत नाही. १९९७ च्या खटल्यात दोन शेरीफांनीच ते मान्य करून घेतलं. वाद बंदूक खरेदीच्या चौकशीचा होता, पण तत्त्व तेच. म्हणून तिथं करार लागतो. टेक्सासची सक्ती ही राज्याची सक्ती, ती वेगळी.

दुसरा फरक मोठा. तिथं व्हिसाची मुदत संपून राहिलं तर ते मुळात दिवाणी प्रकरण. देशात नुसतं असणं हा सहसा गुन्हा नाही, हे ॲरिझोनाच्या खटल्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये लिहिलंय. आपल्याकडं तो गुन्हाच. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे जाऊन एकच नवा कायदा आला. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदाविना शिरलात तर पाच वर्षं, पाच लाख. गुन्हा म्हटला की ठाणं आलंच.

आणि खरी मेख पुढंच आहे. चोरीच्या खटल्यात तू चोर आहेस हे पोलिसांनी शाबीत करायचं. इथं उलटं. मी परदेशी नाही, हे ज्याच्यावर संशय त्यानं शाबीत करायचं. १९४६ च्या कायद्यातही तसंच होतं, नव्यातही आहे.

भट्टीवाला

जालन्यातलाच आहे, सडेतोड. रोलिंग मिलला माणसं पुरवतो. माझ्याकडं बिहार, झारखंड, आणि मुर्शिदाबादची सात पोरं. भट्टीपुढं आपली माणसं उभी राहत नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे.

गेल्या वर्षी एका रात्री ती सात पोरं उचलली. कुठल्या ठाण्यानं ते सांगत नाही, मला इथंच धंदा करायचाय. मारहाण केली नाही. एका हॉलमध्ये दोन दिवस बसवली. आधार दाखवलं, चालत नाही म्हणाले. मतदार कार्ड दाखवलं, तेही नको. जन्माचा दाखला आणा. सव्वीस वर्षांच्या पोराकडं जन्माचा दाखला? त्याच्या आईला त्याची जन्मतारीख "पुराच्या साली" एवढीच माहीत. शेवटी त्यांच्या गावच्या प्रधानानं लेटरहेडवर लिहून व्हॉट्सॲपला पाठवलं, तेव्हा सुटली. त्यातली चार पोरं पगार घ्यायला पण थांबली नाहीत.

काळा_कोट_धाराशिव

आधारचं ठाण्यानं सांगितलं ते चूक नव्हतं, दुर्दैवानं. २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामिनाच्या प्रकरणात आधार, पॅन, मतदार कार्ड असलं म्हणून माणूस नागरिक ठरत नाही असं म्हटलंय. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलात तर जन्म पुरेसा. त्यानंतर जन्मलेल्यानं आईबापापैकी एकाचं नागरिकत्व दाखवायचं. ३ डिसेंबर २००४ नंतरच्यानं दोघांचं, किंवा एकाचं आणि दुसरा बेकायदा आलेला नाही याचं. म्हणजे कागद एक पिढी मागं सरकतो.

आणि जून २०२५ मध्ये बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रात पकडून थेट बांगलादेशात ढकललं, मग ते भारतीय निघाले आणि परत आणावे लागले. भट्टीवाले, तुमची पोरं दोन दिवसांत सुटली हे नशीब.

मांजराकाठ

जन्माचा दाखला म्हटलं आणि मला हसू आलं, रडूही. २०२३ पासून आख्खा मराठवाडा काय करत होता? आजाची कुणबी नोंद शोधत होता. न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळातले दप्तर उपसत होती, आमच्या भावकीतले दोघं मोडी वाचणाऱ्याच्या दारात तासन्‌तास बसायचे. खासरा पत्रकात आजाचं नाव 'गणपती', सातबाऱ्यावर 'गणपत', शाळेच्या दाखल्यावर 'गणू'. तीन माणसं की एक, हे ठरवता ठरवता सहा महिने गेले. आम्ही सात पिढ्या याच मातीत. आम्हालाच एवढा घाम फुटला.

सिंदफणा

बीडची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

ॲरिझोनाचं वर आलंय म्हणून सांगते. तो खटला त्या राज्यानं बेकायदा आलेल्यांविरुद्ध २०१० मध्ये केलेल्या कायद्यावरून झाला. त्यातली तीन कलमं कोर्टानं मोडली, पण संशय आला तर कागद विचारायचं कलम राहू दिलं. आता संशय कशावरून यायचा? व्हिसा काही कपाळावर गोंदलेला नसतो. तिथल्या मॅरिकोपा कौंटीत जो अर्पायो नावाचा शेरीफ चोवीस वर्षं होता. २०१३ मध्ये कोर्टानं ठरवलं की त्याची माणसं कातडीचा रंग आणि चेहरेपट्टी बघून लॅटिनो लोकांच्या गाड्या अडवत होती. कोर्टाचा हुकूम मानला नाही म्हणून २०१७ मध्ये दोषी ठरला, आणि महिन्याभरात अध्यक्षांनी माफी दिली. कौंटीच्या करदात्यांचे कोट्यवधी डॉलर त्यात गेले.

हे वाचून मला अमेरिका आठवत नाही, पारध्यांचा पाल आठवतो. माझ्या वर्गात पारध्याची चार लेकरं आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, आम्ही ३१ ऑगस्टला कार्यक्रमही करतो. पण गावात मोटार चोरीला गेली की पहिली जीप पालावर जाते. पोलीस वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला तोंडावरून माणूस ओळखायचं काम दिलं की तो कुणाला अडवतो, ते आमच्याकडं पाठ आहे.

आणि ऊसतोडीला आपलीच माणसं कर्नाटकात जातात. बैलगाडीत जन्माचा दाखला कोण ठेवतंय, माय?

चाऊस_मामू

सगळे बोलले, मीही बोलतो. आडनाव नावातच आहे.

आमचे पणजोबा हद्रामौतहून निजामाच्या फौजेत आले. आज परभणी, नांदेड, बीड, संभाजीनगर, कुठंही चाऊस भेटतील. भाकरी-ठेचा खातात, मराठीत भांडतात. सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली. त्यानंतर रियासतीतले अरब आणि पठाण वेगळे काढायला सुरुवात झाली. कोण बाहेरचा, कोण मुलकी. कितीक जणांना छावण्यांत ठेवलं, कितीक जणांना जहाजानं परत धाडलं. काहींनी तो देश कधी बघितलाच नव्हता.

आमचे दादा तेव्हा बावीस वर्षांचे. जन्म इथलाच, पण जन्माचा कागद कुठला? चार महिने छावणीत होते. वाडीचे पाटील, त्यांचं आणि आमचं बांधावरून भांडण चालू होतं बरं का, ते बैलगाडी जोडून आले आणि अंमलदाराला म्हणाले, "हा आमचा आहे. भांडायला मला हाच लागतो." दादा सुटले. बांधाचं भांडण पुढं अकरा वर्षं चाललं.

भट्टीवाला

मामू, एक नंबर.

सडेतोड

मामूंचा किस्सा भारी, मान्य. पण पाटलाच्या शब्दावर आज देश चालत नाही. खोटे दाखले मिळतात हे खोटं आहे का? २०२३ च्या दुरुस्तीनंतर उशिराच्या जन्मनोंदीचा अधिकार न्यायालयाकडून महसूलकडं गेला, आणि तहसीलमधून दाखल्यांची खिरापत झाली म्हणून सरकारनंच जानेवारी २०२५ मध्ये चौकशी लावली. तुम्ही सगळे पोलीस नको म्हणता. मग कोण? ते तरी सांगा.

निवृत्त_फौजदार

पोलीस नको असं मी कुठं म्हटलं? मी तेच काम केलं. पण टेबलावर केलं, नाक्यावर नाही. माझ्यापुढं पासपोर्ट असायचा, व्हिसाचा नंबर असायचा, संगणकावर नोंद असायची. चूक झाली तर माझ्या सहीवर झाली. नाक्यावरच्या शिपायाकडं काय असतं? बॅटरी आणि अंदाज. त्याला तासाला चाळीस गाड्या, वर बंदोबस्त, वर सण. त्याला सांगायचं की चाळिसातला परका ओळख, तर तो भाषा ऐकणार, दाढी बघणार, कपडे बघणार. दुसरं काय बघेल बिचारा?

माझं म्हणणं एवढंच, फिर्याद द्यायला आलेल्याला पहिला प्रश्न 'कागद कुठंय' असा नसावा. तुम्ही म्हणाल, मग बेकायदा राहणारा सुटेल. सुटू द्या त्या दिवशी. त्याला टेबलावरून शोधता येतं. चाकूवाला पुन्हा सापडत नाही.

सडेतोड

'सुटू द्या' हे नोकरीत असताना लिहून दिलं असतं का, साहेब?

निवृत्त_फौजदार

नसतं दिलं. येमेनच्या त्या मुलाला मात्र व्हिसा वाढीच्या फाइलीवर शिफारस लिहून दिली होती. त्यावरून मला खुलासा द्यावा लागला.

मांजराकाठ

मंडळी, आभार. आता एक कामाचं. आक्का आणि दाजी दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी तिकडं जायचेत. त्यांनी बाहेर पडताना जवळ काय ठेवावं? आक्काचा हिशोब असा की रेशनकार्डापासून सगळं न्यावं.

पूर्णाकाठचा

रेशनकार्ड राहू द्या. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा इथला जुना नियम आहे, हल्ली तो जोरात पाळायला लावतात. पाहुण्यांसाठी तो पुरावा म्हणजे आय-९४, देशात आल्याची नोंद. उतरल्यावर भाच्यानं सरकारी साइटवरून छापून दोघांच्या खिशात एकेक द्यावा, सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत. मुदत आय-९४ वर लिहिलेली असते, व्हिसावरची नव्हे. इथं बरेच जण फसतात. कुणी विचारलं तर खरं सांगायचं किंवा गप्प बसायचं, खोटं काही बोलायचं नाही.

मांजराकाठ

आक्काला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "गाडीचा दिवा बसवला का त्यानं?"

फोन केला. अजून नाही. शनिवारी बघतो म्हणाला.